डोळ्यांना मानवणारे रंग

पाटी काळी असते आणि तिच्यावर पांढरी अक्षरे उमटतात. वही पांढरी असते आणि तिच्यावरील अक्षरे काळी किंवा निळी असतात. लहानपणापासून आपण या दोहोंवर लिहीत व वाचीत आलो आहोत. परंतु हीच वही उन्हाळ्यातल्या भर दुपारी अंगणातील रणरणत्या उन्हात उघडून पाहा. डोळे आपोआप मिटू लागतात, कपाळाला आठ्या पडतात, आणि दोन-चार ओळी वाचल्या न वाचल्या तोच आपण पडवीच्या किंवा झाडाच्या सावलीला जातो. कागद तोच, शाई तीच, अक्षरेही तीच. सावलीत मात्र ती सुखाने वाचता येतात. मग बदलले काय? बदलला तो केवळ डोळ्यांत शिरणारा उजेड. वाचनाचे सुख जसे अक्षरांच्या रंगावर, तसेच ते उजेडाच्या प्रमाणावरही अवलंबून असते, हे या साध्या अनुभवावरून कळून येते.

ज्यांना दिवसाचे सहा-सात तास अक्षरेच वाचावी लागतात, त्यांना हा विचार अधिक करावा लागतो. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक अशांपैकी होत. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांच्या ओळी म्हणजे प्रोग्रॅम. तो ज्या साधनात लिहितात व दुरुस्त करतात, त्याला कोड एडिटर म्हणतात. त्यांचे दुसरे साधन म्हणजे टर्मिनल. येथे चित्रे नसतात की बटणे नसतात. आपण एक आज्ञा टाइप करावी आणि संगणकाने तिचे उत्तर अक्षरांतच द्यावे, असा हा संवाद असतो. दोन्ही ठिकाणी पडदाभर अक्षरेच अक्षरे! त्या अक्षरांना कोणते रंग द्यावेत आणि त्यांच्यामागची जमीन कोणत्या रंगाची असावी, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. वस्तुतः तो डोळ्यांच्या सुखाचा आणि कामाच्या बिनचूकपणाचा आहे.

प्रथम, अक्षरांना निरनिराळे रंग हवेतच कशाला, ते पाहू. गोष्ट वाचताना एखादे अक्षर चुकलेले आढळले तरी आपण अर्थ जुळवून घेतो. संगणकाला तसे करता येत नाही. एखादे चिन्ह राहून गेले तरी सारा प्रोग्रॅम अडून बसतो. समजा, पडद्यावर ‘नमस्कार’ हा शब्द दाखवावा, अशी आज्ञा तुम्ही लिहीत आहात. दाखवायचा मजकूर अवतरणचिन्हांत घालावा लागतो, आणि तुमचा एडिटर अशा मजकुराला हिरवा रंग देतो. तुम्ही आरंभीचे चिन्ह घातले, पण शेवटचे विसरलात. त्याबरोबर त्या ओळीचा उरलेला सारा भाग हिरवा होतो. काही भाषांत तर पुढच्या ओळीही हिरव्या होत जातात. संगणकाला मजकूर कोठे संपला हेच समजलेले नाही, ही गोष्ट तो रंग तुम्हांला तत्काळ सांगतो. शेकडो ओळींत हरवलेले एक चिन्ह शोधण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात.

रंगाने मजकुराचे भाग वेगळे दाखवण्याची ही युक्ती नवी नव्हे. आपल्याकडील जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहा. मजकूर काळ्या शाईने लिहिलेला असतो. पण कित्येक पोथ्यांत श्लोकांचे आकडे, दंड आणि अध्यायाची समाप्ती ही लाल रंगाने दाखवलेली असतात. पोथी लावणाऱ्याची नजर पानावरून फिरताच त्या लाल खुणांवर ठरते आणि श्लोक कोठे संपला हे त्याला कळते. लेखनिकाने लाल शाई शोभेसाठी नव्हे, तर वाचणाऱ्याच्या सोयीसाठी वापरलेली असे.

संगणकाच्या पडद्यावर हीच युक्ती पूर्वी ज्यांनी वापरली, त्यांत एका शब्दकोशाचे काम आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश संगणकाच्या साहाय्याने नव्याने सिद्ध करावयाचा होता. त्यातील प्रत्येक नोंदीत मूळ शब्द, त्याची व्युत्पत्ती, अर्थ, जुन्या ग्रंथांतील अवतरणे असे अनेक भाग एकमेकांना लागून येत. ते संपादकांना चटकन ओळखता यावेत म्हणून आय.बी.एम. या कंपनीतील माइक काउलिशॉ यांनी १९८५ साली ‘लेक्स’ नावाचा एडिटर तयार केला. हा एडिटर लिहिलेल्या मजकुराची रचना ओळखून त्याच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे रंग देत असे. पुढे १९८९ साली त्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती २० खंडांत प्रसिद्ध झाली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ज्या सोयीवाचून आज करमत नाही, तिच्या इतिहासात एका भाषेच्या कोशाला असे स्थान आहे.

आता पडद्याकडे वळू. टर्मिनल या शब्दाचा अर्थ टोक. पूर्वी संगणक एका खोलीत असे आणि त्याला जोडलेल्या तारेच्या टोकाशी बसून माणसे काम करीत. आरंभी या टोकाला कागदावर अक्षरे छापणारे यंत्र असे. पुढे काचेचा पडदा आला. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९७८ साली काढलेले ‘व्हीटी १००’ हे टर्मिनल फार प्रसिद्ध झाले. त्याच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे आणि अशा २४ ओळी मावत. त्या काळच्या पडद्यांच्या काचेला आतून एक लेप दिलेला असे. त्यावर विद्युत्कणांचा मारा झाला की तो चमके. लेप ज्या प्रकारचा, त्या रंगाची अक्षरे दिसत. कोठे पांढरी, कोठे हिरवी, तर कोठे पिवळसर नारिंगी. १९८१ साली आय.बी.एम.ने काढलेल्या एकरंगी पडद्यावर हिरवी अक्षरे दिसत. त्याच्या लेपाची चमक थोडा वेळ रेंगाळत असे, त्यामुळे पडदा लुकलुकल्यासारखा वाटत नसे. काळ्या जमिनीवरील हिरवी अक्षरे ही संगणकाची जणू ओळखच होऊन बसली. पण तिचे मूळ असे त्या लेपाच्या गुणधर्मात होते.

रंगीत पडदे आले तेव्हा टर्मिनलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीन दिवे लावणे किंवा विझवणे एवढेच शक्य होते. प्रत्येक दिव्याच्या दोन अवस्था. म्हणजे २ गुणिले २ गुणिले २ मिळून ८ रंग झाले. काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, हिरवट निळा आणि पांढरा, हे ते रंग होत. प्रत्येकाची एक अधिक उजळ छटा धरली की १६ रंग होतात. आजच्या पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यात हेच तीन दिवे असतात, पण प्रत्येक दिव्याच्या उजेडाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. त्यामुळे सुमारे १ कोटी ६७ लाख रंग दाखवता येतात. असे असूनही टर्मिनलमध्ये ते जुने १६ रंग अद्याप नांदत आहेत. प्रोग्रॅम केवळ ‘चौथा रंग द्या’ असे सांगतो. तो चौथा रंग नेमका कोणत्या छटेचा, हे टर्मिनल ठरवते. ही व्यवस्था फार उपयोगाची आहे, कारण त्यामुळे न मानवणारी छटा काढून तिच्या जागी दुसरी बसवण्याची मोकळीक आपल्याला मिळते.

छटा मानवत नाही म्हणजे काय होते, याचे नेहमीचे उदाहरण निळ्या रंगाचे आहे. लिनक्स या संगणकप्रणालीत फोल्डरांची यादी मागितली, तर बहुधा त्यांची नावे निळ्या अक्षरांत येतात. जमीन काळी आणि निळा रंग गडद असला, तर ती नावे अंधारात बुडाल्यासारखी दिसतात. डोळे ताणून पुढे वाकावे लागते. हिरव्या किंवा पिवळ्या अक्षरांच्या बाबतीत असे होत नाही. निळ्यानेच असा कोणता अपराध केला आहे?

त्याचे उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. डोळ्याच्या आतल्या बाजूस दृष्टिपटल असते. त्यातील दंडपेशी मंद उजेडात काम करतात आणि शंकुपेशी रंग ओळखतात. शंकुपेशी तीन प्रकारच्या असून त्यांपैकी निळ्या उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी संख्येने सर्वांत कमी असतात. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जेथे बारीक अक्षर सर्वांत स्पष्ट दिसते, तेथे तर त्या जवळजवळ नसतातच. यामुळे तिन्ही दिवे पुरते लावून पांढरा रंग केला आणि त्याचा उजळपणा १०० मानला, तर त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२, लालाचा सुमारे २१ आणि निळ्याचा अवघा ७ भरतो. निळा दिवा पुरता लावला तरी आपल्या डोळ्यांना तो अंधाराजवळचाच वाटतो. पिवळ्याचे नेमके उलट आहे. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा मिळून ९३. तो पांढऱ्याच्या इतका जवळ जातो की पांढऱ्या जमिनीवर पिवळी अक्षरे विरघळून गेल्यासारखी दिसतात.

यावरून एक महत्त्वाचा नियम हाती येतो. साडीच्या जमिनीवर बुट्टी उठून दिसावी, तसे जमिनीवर अक्षर उठून दिसले पाहिजे. आणि हा उठाव रंगांच्या वेगळेपणापेक्षा त्यांच्या उजळपणातील अंतराने येतो. हा उठाव मोजण्याची रीतही आहे. दोन रंगांपैकी उजळ रंगाचा उजळपणा गडद रंगाच्या किती पट आहे, हे एका ठरावीक सूत्राने काढतात. पांढऱ्यावर काळे, हा उठाव सर्वांत मोठा. तो २१ येतो. काळ्यावर पूर्ण निळे असेल तर तो सुमारे २.४ येतो, आणि पांढऱ्यावर पिवळे असेल तर १ च्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ शून्य भेद! वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत, नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी हा आकडा निदान ४.५ असावा, असे सांगितले आहे.

रंगाची पारख करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रंग कधी एकटा दिसत नाही. शेजारचा रंग त्याचे रूप पालटतो. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांची १८२४ साली पॅरिस येथील गोब्लँ या प्रसिद्ध कारखान्यात रंगकामाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेथे भिंतींवर लावण्याचे चित्रमय पडदे विणीत. निळ्या व जांभळ्या भागांत वापरलेला काळा रंग निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. शेव्हरल यांनी तपास केला, तेव्हा काळ्या धाग्यात काही खोट आढळली नाही. दोष रंगाचा नसून शेजाराचा आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे १८३९ साली त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पडद्यावरही हेच घडते. पांढऱ्या जमिनीवर शोभणारा करडा रंग काळ्या जमिनीवर वेगळाच भासतो. भडक लाल आणि भडक निळी अक्षरे एकमेकांशेजारी आली, तर एक पुढे आल्यासारखे व दुसरे मागे गेल्यासारखे वाटते. कारण डोळ्याचे भिंग या दोन रंगांचे किरण एकाच जागी आणू शकत नाही. म्हणून एकेक रंग सुंदर आहे म्हणून निवडला आणि सगळे एकत्र केले, तर ती रंगसंगती सुखाची होईलच असे नाही.

ही सर्व तत्त्वे एकत्र आणून केलेल्या रंगयोजनेचे एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील ईथन स्कूनोव्हर यांनी २०११ साली ‘सोलराइज्ड’ नावाची रंगयोजना लोकांसाठी खुली केली. आपण आरंभी पाहिलेला अनुभवच त्यांनी दाखला म्हणून दिला आहे. झाडाच्या सावलीत पुस्तक वाचताना कागद व शाई यांच्यात जो भेद दिसतो, त्याहून पडद्यावरील पांढऱ्या-काळ्याचा भेद पुष्कळच मोठा असतो. तो उन्हात पुस्तक वाचण्यासारखा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या योजनेत १६ रंग आहेत. आठ रंग जमिनीसाठी व साध्या मजकुरासाठी, आणि आठ रंग खुणांसाठी. रंगांचा उजळपणा डोळ्यांना जसा भासतो तसा मोजण्याची एक पद्धत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६ साली ठरवली होती. तिच्या आधाराने त्यांनी हे रंग बेतले. या योजनेची दोन रूपे आहेत. एकात जमीन सायीसारखी पिवळसर फिकी असते; दुसऱ्यात ती खोल पाण्यासारखी गडद निळसर हिरवी असते. जमीन पालटली तरी खुणांचे आठ रंग तेच राहतात. सकाळी एक रूप आणि रात्री दुसरे घेतले, तरी ओळखीच्या खुणा बदलत नाहीत.

ही योजना अनेकांना आवडली. परंतु मघाच्या सूत्राने मोजले, तर तिच्या गडद रूपातील साध्या मजकुराचा उठाव सुमारे ४.७ येतो आणि फिक्या रूपातील सुमारे ४.१, म्हणजे दुसरा आकडा ४.५ च्या खालीच राहतो. ज्यांची नजर तीक्ष्ण आहे, त्यांना हा सौम्यपणा सुखावतो. ज्यांची नजर अधू आहे किंवा वयाने मंद झाली आहे, त्यांना तीच अक्षरे पुसट वाटतात. एवढ्या विचाराने केलेली योजनाही सर्वांना सारखी मानवत नाही, हे येथे विसरता कामा नये.

काळी जमीन चांगली की पांढरी, या प्रश्नावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत नेहमी वाद रंगतो. काळी जमीन डोळ्यांना नेहमीच हितकर असते, असे पुष्कळांना वाटते. ते सर्वस्वी खरे नाही. जमीन उजळ असली की डोळ्याची बाहुली लहान होते, आणि बाहुली लहान झाली की अक्षराची कड अधिक रेखीव दिसते. जमीन काळी असली की बाहुली मोठी होते. मग डोळ्यांच्या रचनेत बारीकसा दोष असला तरी तो जाणवू लागतो. काहींच्या डोळ्यांच्या पारदर्शक पटलाची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसते. अशांना काळ्या जमिनीवरील पांढरी अक्षरे पसरल्यासारखी, त्यांच्याभोवती धूसर वलय असल्यासारखी दिसतात. प्रयोगांतही बहुधा असेच आढळले आहे की, फिक्या जमिनीवरील गडद अक्षरे अधिक बिनचूक वाचली जातात. मात्र खोलीत अंधार असेल आणि पडदा पांढराशुभ्र असेल, तर तो कंदिलासारखा डोळ्यांवर येतो. अशा वेळी गडद जमीन बरी वाटते. म्हणून या वादाचा निकाल खोलीतल्या उजेडाला आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना विचारूनच लावला पाहिजे.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. आपल्याला जे रंग दिसतात, तेच शेजाऱ्यालाही दिसतात, असे आपण गृहीत धरतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. जिरेनियमचे एक गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशासारखे निळे दिसे, आणि मेणबत्तीच्या उजेडात तेच फूल लाल दिसे. इतरांना विचारल्यावर आपली दृष्टी वेगळी आहे हे त्यांना उमगले, आणि १७९४ साली त्यांनी मँचेस्टर येथील विद्वानांच्या सभेत त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. आपल्या मृत्यूनंतर डोळे तपासावेत, अशी इच्छाही त्यांनी सांगून ठेवली होती. १८४४ साली ते वारले, तेव्हा तपासणीत तो द्रव स्वच्छ आढळला. तर्क चुकीचा ठरला. जतन करून ठेवलेल्या त्यांच्या डोळ्यांची आनुवंशिक तपासणी १९९५ साली झाली, तेव्हा एका प्रकारच्या शंकुपेशींचा अभाव हे खरे कारण असल्याचे कळले. लाल व हिरवा यांतील भेद नीट न दिसणारी माणसे विरळा नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांमागे एकाला ही अडचण असते. स्त्रियांत ती फार कमी आढळते.

प्रोग्रॅममध्ये बदल केला म्हणजे काढून टाकलेल्या ओळी लाल आणि नव्या घातलेल्या ओळी हिरव्या दाखवण्याची रीत आहे. ज्याला हे दोन रंग सारखेच दिसतात, त्याने काय करावे? घातलेली ओळ काढलेली समजून तो पुढे गेला, तर केवढा घोटाळा होईल! म्हणून सुज्ञ लोकांनी रंगाच्या जोडीला खूणही ठेवली आहे. नव्या ओळीच्या आरंभी अधिकचे चिन्ह असते, काढलेल्या ओळीच्या आरंभी उणे चिन्ह असते. रंगाने मदत करावी. पण अर्थ केवळ रंगाच्याच स्वाधीन करू नये. शाळेतील तक्ता रंगवताना आणि नकाशा भरतानाही हा नियम तुम्हांला उपयोगी पडेल.

आता रंगयोजना निवडावी तरी कशी? प्रथम खोलीतला उजेड पाहावा आणि पडद्याचा उजेड त्याच्याशी जुळवून घ्यावा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर त्याचा उजेड कमी करावा, मळकट दिसत असेल तर वाढवावा. नंतर अक्षरांचा आकार पुरेसा मोठा करावा, कारण बारीक अक्षराला कोणताही रंग तारू शकत नाही. मग साधा मजकूर वाचून पाहावा. तो शांतपणे, पण स्पष्ट दिसला पाहिजे. खुणांचे रंग मोजकेच घ्यावेत. सगळेच शब्द ओरडू लागले, तर कोणाचेच ऐकू येत नाही. प्रोग्रॅममधील टिपांकडे विशेष लक्ष द्यावे. टीप म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी लिहून ठेवलेला खुलासा; संगणक ती वाचत नाही. त्यामुळे कित्येक योजनांत टिपांना इतका पुसट करडा रंग देतात की माणूसही ती वाचत नाही. तसे होऊ देऊ नये. पुढची परीक्षा म्हणून पडद्याचे सगळे रंग काढून त्याला घटकाभर करडा करावा. एवढ्यानेही सारी अक्षरे वाचता आली, तर उजळपणाचे अंतर बरोबर राखले आहे असे समजावे. शेवटी ती योजना सकाळी, दुपारी व रात्री वापरून पाहावी आणि मगच ठरवावे. पाच मिनिटांत आवडलेला रंग पाच तासांनीही आवडेलच असे नाही.

एवढे करूनही डोळ्यांना विश्रांती द्यावीच लागते. पडद्याकडे टक लावून पाहताना आपल्या पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. याकरिता नेत्रवैद्य एक सोपा नियम सांगतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे पाहावे. खिडकीबाहेरचे झाड, समोरच्या घराचे कौल, आकाशातील घार, काहीही चालेल. उत्तमोत्तम रंगयोजना या २० सेकंदांची जागा घेऊ शकत नाही.

पाटी काळी का केली आणि कागद पांढरा का केला, हे आपल्याला कोणी विचारले नव्हते. पडद्याच्या बाबतीत मात्र जमीन आणि अक्षरे या दोहोंचे रंग आपल्या हाती आले आहेत. हाती आलेली मोकळीक विचाराने वापरावी, हेच खरे. स्वतःसाठी निवडताना आपल्या डोळ्यांचे ऐकावे. दुसऱ्यासाठी लिहिताना त्याच्या डोळ्यांची आठवण ठेवावी. सावलीत पुस्तक वाचणाऱ्याला सावलीची जाणीव नसते, तो पुस्तकात रमलेला असतो. चांगली रंगयोजनाही तशीच असते. ती मानवली, की रंग विसरून आपले लक्ष कामात लागते.

स्वाध्याय

१. उन्हातील वही आणि सावलीतील वही यांच्या उदाहरणावरून लेखकाने कोणता विचार मांडला आहे?
२. काळ्या जमिनीवरील गडद निळी अक्षरे नीट का दिसत नाहीत, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. शेव्हरल यांच्याकडे आलेल्या तक्रारीचे खरे कारण काय होते?
४. ‘रंगाने मदत करावी, पण अर्थ केवळ रंगाच्याच स्वाधीन करू नये.’ या विधानाचा अर्थ डाल्टन यांच्या हकिगतीच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या वर्गातील फळा, भिंतीवरील तक्ते व सूचनाफलक पाहा. सर्वांत मागच्या बाकावरून कोणती अक्षरे स्पष्ट दिसतात व कोणती दिसत नाहीत, याची नोंद करून कारणे लिहा.